नोकरी सोडायची रंगीत तालीम : घरात लहान पोर, डोक्यावर ईएमआय

पुण्यात हिंजवडीच्या आयटीत बारा वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ एकाच कंपनीत, आणि गेल्या जूनपासून मी वाकडला आठवी ते दहावीच्या पोरांना गणित-विज्ञान शिकवतोय. हे कळलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, हिंमत कशी झाली राव आणि घर कसं चालतं. पहिल्याला माझ्याकडे उत्तर नाही कारण हिंमत वगैरे काही झालीच नव्हती, सोडायचं ठरल्यापासून पेपर टाकेपर्यंत (म्हणजे राजीनामा देईपर्यंत) १४ महिने गेले आणि त्या १४ महिन्यांत आम्ही नुसत्या तालमी केल्या. नाटकात कसं कपडेपट, लाइट सगळं लावून आधी एकदा रिकाम्या थिएटरात करून बघतात, तसं. चुका तिथेच होऊ द्यायच्या, कारण तेव्हा पगार चालू असतो. घर कसं चालतं त्याचं उत्तर या तालमींमध्ये आहे, म्हणून तेवढंच सांगतो.

पण त्याआधी एक बघून घ्या, वैताग नक्की कशाचा आहे. कामाचा, मॅनेजरचा की रोजच्या ट्रॅफिकचा? मी आधी प्रोजेक्ट बदलून बघितला, मॅनेजर एकदम देवमाणूस मिळाला, आणि चार महिन्यांनी परत सोमवारी सकाळी पोटात तसाच गोळा. मग कळलं की माणूस बदलून भागणारं नाही. तुमचं भागत असेल तर हे पुढचं सगळं वाचायची गरजच नाही, सरळ दुसरी कंपनी बघा.

आता पैशाची तालीम. माझ्या हातात महिन्याला १ लाख १२ हजार यायचे, बायको शाळेत शिकवते तिचे २८ हजार. पहिल्या वर्षी क्लासमधून महिन्याला सरासरी ३० हजार सुटतील असा अंदाज धरला (कमीच धरा, तुमच्या मित्राला किती मिळतात ते धरू नका), म्हणजे घर ५८ हजारांत चालवायचं. मग पगार झाला की त्याच दिवशी ८२ हजार दुसऱ्या बँकेतल्या खात्यात, ज्याचं कार्ड नाही, यूपीआय जोडलेलं नाही, आणि उरलेल्यात महिना काढायचा. कागदावर बजेट मांडणं वेगळं आणि हे वेगळं. एक्सेलमध्ये माझं सगळं बसत होतं, प्रत्यक्षात घरकर्जाच्या ईएमआयचे ३४ हजार ७०० गेल्यावर उरलेले पैसे १४ तारखेला संपले आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून एकमेकांकडे बघत होतो. दुसऱ्या महिन्यात २० तारीख. तिसऱ्यात पण नापासच.

तीन महिने नापास झालो म्हणून खरा आकडा कळला. हॉटेल, सिनेमा यात फार काही जात नव्हतं. जात होते ते नोकरीमुळे होणाऱ्या खर्चात, दोघं दमून येतात म्हणून स्वयंपाकाच्या मावशी, एकट्याने हिंजवडीला जायला गाडीचं पेट्रोल, शुक्रवारी रात्री डोकं बधिर झालं म्हणून मागवलेलं जेवण, आणि ती दहा मिनिटांत घरपोच वाली ॲपं, ज्यांच्यावर आपण कोथिंबिरीसाठी जातो आणि चारशे रुपयांचं घेऊन येतो. यातलं बरंचसं नोकरी गेली की आपोआप जातं. ते वजा करून ईएमआय सोडून घराला ३५ हजार लागतात असं निघालं, त्याखाली जायचं तर लेकीच्या दुधाफळांवर आणि प्लेग्रुपच्या फीवर हात घालावा लागला असता आणि ते करायचं नाही हे बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

म्हणजे ३५ आणि ३४.७, जवळजवळ ७० हजार. ५८ मध्ये बसत नाही. भोक ईएमआयला होतं. आमचं कर्ज ४० लाखांचं, २० वर्षं, साडेआठ टक्के, चार वर्षं फेडून झाली तरी साधारण ३६ लाख ३७ हजार मुद्दल शिल्लकच (पहिली वर्षं सगळी व्याजातच जातात, हे माहीत असतं पण स्टेटमेंट बघितलं की परत एकदा लागतं). यात १० लाख एकरकमी भरले तर उरलेल्या १६ वर्षांसाठी हप्ता २५ हजार २०० च्या आत येतो. फक्त एक लक्षात ठेवा, मधेच पैसे भरले की बँका बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. पगारदाराला ते चांगलंच आहे, व्याज वाचतं, पण आपल्याला महिन्याचा भार कमी करायचाय, तर मुदत तीच ठेवून ईएमआय कमी करा असं लेखी द्यायचं आणि नवीन हप्त्यांचा तक्ता हातात घेऊनच शाखेतून बाहेर पडायचं. फ्लोटिंग रेटच्या (बदलत्या व्याजदराच्या) घरकर्जावर आधी पैसे भरल्याचा दंड नसतो. मित्र म्हणाले की १० लाख इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणारा म्युच्युअल फंड) ठेवले असते तर जास्त मिळाले असते. मिळाले असते. पण फंड मला पाच तारखेला हप्ता मागत नाही, बँक मागते.

आणीबाणीचा फंड किती असावा यावर सगळे म्हणतात सहा महिन्यांचा पगार. मला हे माप चुकीचं वाटतं, पगार मोजूच नका, तूट मोजा. आमचा खर्च आता ६० हजार २००, त्यात बायकोचे २८ हजार येणारच, म्हणजे क्लासमधून एक रुपया नाही आला तरी महिन्याला ३२ हजार २०० कमी पडणार. गुणिले १८ महिने, ५ लाख ८० हजार. हा आकडा झाला की बास, याहून जास्त साठवत बसलात तर आणखी दोन वर्षं तिथेच सापडाल. आमचे त्या १४ महिन्यांत बाजूला पडलेले ९ लाख आणि जुने म्युच्युअल फंड ७ लाख, त्यातले १० कर्जात, ६ एफडीत. दोघांपैकी एकाचाच पगार असेल तर तूट म्हणजे अख्खा खर्च, मग १८ महिन्यांची रक्कम फार मोठी होते, अशा वेळी आधी बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी लागू द्या आणि मग तुम्ही सुटा. एकाच वेळी दोघांनी उडी मारू नका, पोर कडेवर आहे.

आता हेल्थ इन्शुरन्स. कंपनीची पॉलिसी शेवटच्या दिवसाबरोबर जाते, आणि आपली स्वतःची घ्यायला लोक पेपर टाकल्यावर जागे होतात. माझ्या लेकीला थंडीत घरघर होते, घरी नेब्युलायझर आहे, म्हणजे फॉर्मवर ते लिहावंच लागणार (लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच काढतात) आणि आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबायला लागू शकतं. शिवाय नवीन पॉलिसीत अपघात सोडून पहिले ३० दिवस काहीच मिळत नाही. म्हणून ठरवलं त्याच महिन्यात फॅमिली फ्लोटर (अख्ख्या घराला मिळून एकच पॉलिसी) घेतली, कंपनीची चालू असतानाच, म्हणजे थांबायच्या महिन्यांपैकी १४ कंपनीच्या छत्रीखाली निघून गेले. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी पण गेलाय. आई-वडील कंपनीच्या पॉलिसीत असतील तर त्यांचंही बघा. माझे बाबा ७१ वर्षांचे, ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांच्या उपचारांचं सरकारी आयुष्मान कार्ड मिळतं ते साताऱ्याला जाऊन काढून आलो. आई अजून सत्तरीची नाही, तिची वेगळी घेतली आणि ती महागच पडली, त्याला इलाज नाही.

टर्म इन्शुरन्स, क्रेडिट कार्ड, कर्जावर टॉप-अप (त्याच कर्जावर जादा रक्कम), व्याजदर कमी म्हणून दुसऱ्या बँकेत कर्ज हलवणं, यातलं जे काही करायचं असेल ते सॅलरी स्लिप हातात असताना. एकदा का तुम्ही धंदेवाले झालात की बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते आणि तेवढी वर्षं तुम्ही त्यांच्या दृष्टीने कोणीच नसता.

तारखेचं पण बघा. नोकरीला पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे कंपनी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, माझ्या वेळी ती शेवटचा बेसिक (मूळ पगार) भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं अशी निघाली. माझा बेसिक ४८ हजार, नऊ वर्षं, २ लाख ४९ हजार झाले, त्यात क्लासची बाकं, बोर्ड आणि जागेचं डिपॉझिट निघालं. चार वर्षं चार महिने झाले असतील तर दात-ओठ खाऊन थांबा. बोनस खात्यात पडायच्या आधी पेपर टाकू नका, बऱ्याच ठिकाणी नोटीस पिरियडमधल्या माणसाला बोनस देत नाहीत, आणि जॉइनिंग बोनस घेतला असेल तर तो परत करायची अट ऑफर लेटरमध्ये कुठे दडलीये का ते वाचा. नोटीस ९० दिवसांची असेल तर तीन महिने पगार चालू राहतो, कटकट वाटते पण आपल्याला ती सोयच आहे.

कामाची तालीम मला सगळ्यात उपयोगी पडली. कंपनीच्या करारात बाहेर पैसे घेऊन काम करायला मनाई होती (तुमचा वाचा, बहुतेकांचा तसाच असतो), म्हणून सोसायटीतल्या चार पोरांना शनिवार-रविवार फुकट शिकवायला घेतलं. तिसऱ्या आठवड्यात कमिटीची तक्रार, जिन्यात चपला आणि पार्किंगमध्ये सायकली. चार पोरांवर ही बोंब तर तीस पोरांवर काय झालं असतं, म्हणजे फ्लॅटमध्ये क्लास चालवायचा माझा प्लॅन तिथेच मेला आणि भाड्याची जागा हिशोबात घ्यावी लागली. दुसरं कळलं ते असं की शिकवायला मला मनापासून आवडतं पण पालकांना फोन करायला जिवावर येतं. काम आवडणं आणि त्या कामाचा धंदा करणं यात फार फरक आहे. फीचे फोन आता बायको करते, शाळेतली असल्यामुळे तिला पालकांची सवय आहे. तुमचं काम खाण्यापिण्याचं असो, फ्रीलान्स कोडिंग असो की शेतीचं, निदान सहा महिने छोट्या प्रमाणात करून बघा, आणि त्यात पैसे मागायचा भाग करारात बसत असेल तर तो नक्की करा.

दिवसाची पण तालीम होते हे मला आधी सुचलं नव्हतं. दहा दिवस रजा टाकून पुढे जसं जगायचं तसं जगलो. तेव्हा लक्षात आलं की क्लास म्हणजे संध्याकाळ, आणि मी नोकरी सोडत होतो ती लेकीबरोबर वेळ मिळावा म्हणून, आणि तिची घरी असायची वेळ पण संध्याकाळच. सहा ते नऊ बॅच घेतली असती तर घरी येईपर्यंत ती झोपलेली. मग साडेपाच ते आठ असं बसवलं, एक बॅच कमी झाली, सात-आठ हजारांवर पाणी. सकाळ माझी. दुसरं म्हणजे "तू घरी आहेसच तर" हे वाक्य. सिलिंडर, प्लंबर, कुरिअर, सासूबाईंचा दवाखाना, सगळं त्या "तू घरी आहेसच तर"मध्ये येतं. कोण काय करणार हे दोघांनी बसून ठरवा, चिडून नाही, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर वगैरे.

घरच्यांना सांगायचं शेवटी, पण आकडे घेऊन. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, ते म्हणाले, "अरे, मास्तरकी नको म्हणून तुला इंजिनिअर केला," आणि मग अर्धा तास भूमिती कशी शिकवायची ते सांगत बसले. सासरे अवघड होते. "जावईबापू, तुम्ही ठरवलंच असेल तर आम्ही काय बोलणार," हे वाक्य म्हणजे नापसंतीच. त्यांना मी भविष्य, स्वप्न असलं काही बोललो नाही, पॉलिसीचा कागद, नवीन हप्त्याचा तक्ता आणि एफडीची पावती समोर ठेवली. ते बँकेतून रिटायर झालेत, चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, एफडी एकच मोठी करू नका, पाच तुकड्यांत करा म्हणजे मोडायची वेळ आली तर एकच मोडेल. बरोबर होतं त्यांचं.

शेवटच्या आठवड्यातली कामं पटकन सांगतो. सगळ्या सॅलरी स्लिपा आणि फॉर्म १६ (कंपनीने कापलेल्या टॅक्सचा दाखला) उतरवून घ्या, नंतर पोर्टल बंद होतं. पीएफला स्वतःचा मोबाइल नंबर आहे का बघा, आणि नोकरी सोडल्याची तारीख नोंदली गेली का तेही, कंपनीने नाही केली तर दोन महिन्यांनी आपल्याला ऑनलाइन करता येते. पीएफ मात्र मोडू नका, एकूण नोकरी पाच वर्षांच्या आत असेल तर वर टॅक्स पण लागतो. धंद्याचं रजिस्ट्रेशन फार डोक्याला लावून घेऊ नका, वीसपेक्षा कमी माणसं असतील तर शॉप ॲक्टची नुसती ऑनलाइन माहिती द्यायची असते, उद्यम (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट होतं, आणि सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नंबर घ्यावा लागत नाही. २० लाखांची काळजी मला तरी इतक्यात नाहीये.

एक गोष्ट तालमीत निसटली, क्लासचे पैसे महिन्याला येतच नाहीत. जूनमध्ये ढीग, दिवाळीनंतर दुसरा हप्ता, मार्चनंतर गळती आणि मे महिना कोरडा. जूनमधला ढीग बघून आम्ही सोफा घ्यायला निघालो होतो, खरंच. आता क्लासचं खातं वेगळं आहे, सगळी फी तिथे जाते आणि दर एक तारखेला तिथून ३२ हजार २०० घरखर्चाच्या खात्यात आपोआप येतात, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावलीये, कमी पडलं तर एफडीचा एक तुकडा मोडायचा. आत्तापर्यंत एकच मोडलाय. बायकोच्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजतो आणि ती आतून ओरडते, "झाला रे तुझा पगार."