एमआरआयचा स्लाइस: जागा कशी ठरते, आपण कशी ठरवायची

कन्सोलवर नवीन शिकाऊ मुलं आली की मी त्यांना लगेच स्क्रीनवरच्या रेघा ओढू देत नाही. रेघ सरकवली की स्लाइस सरकतो, हे कुणालाही दिसतं. पण सीटीमध्ये किरणांचा झोत शरीराच्या एका पट्ट्यातूनच जातो, तसं इथे काही नसतं. रेडिओलहर अख्ख्या डोक्यावर पडते, तरी सिग्नल मात्र पाच मिलिमीटरच्या चकतीतूनच येतो. ही निवड कशी होते ते आधी पक्कं करा. प्लॅनिंगमधले बरेचसे प्रश्न मग तुमचे तुम्हालाच सुटतील.

एक आकडा पाठ करा: 42.58. एक टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनची फ्रिक्वेन्सी 42.58 मेगाहर्ट्झ असते. म्हणजे 1.5 टेस्लाच्या मशीनमध्ये ती साधारण 63.87 मेगाहर्ट्झ. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो चढतो. हायड्रोजनही आपल्या फ्रिक्वेन्सीच्या लहरीलाच दाद देतो. आता क्षेत्र सगळीकडे अगदी सारखं असेल, तर टाचेपासून टाळूपर्यंत सगळे एकदमच दाद देतील. म्हणून आरएफ पल्स, म्हणजे रेडिओलहरीचा छोटा झटका, सोडताना ग्रेडियंट, म्हणजे क्षेत्राला मुद्दाम दिलेला उतार, लावायचा: आयसोसेंटरला (चुंबकाच्या मध्यबिंदूला) क्षेत्र जसंच्या तसं, डोक्याकडे चढत जाणारं, पायाकडे उतरत जाणारं. प्रत्येक पातळीची फ्रिक्वेन्सी त्यामुळे वेगळी होते.

इथे कागद-पेन घ्याच. ग्रेडियंट 10 मिलिटेस्ला प्रति मीटर धरा. मग दर मिलिमीटरला सुमारे 426 हर्ट्झचा फरक पडतो. तुम्हाला आयसोसेंटरपासून डोक्याकडे 30 मिलिमीटरवर, 5 मिलिमीटर जाडीचा स्लाइस हवा आहे. जागेसाठी 426 गुणिले 30, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या वर 12.78 किलोहर्ट्झ. जाडीसाठी 426 गुणिले 5, म्हणजे पल्सची बँडविड्थ (त्यातल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याची रुंदी) 2,130 हर्ट्झ. झालं, तुमचा स्लाइस ठरला. माउसने रेघ वर नेता तेव्हा मशीन हाच गुणाकार करतं. टेबल जागचं हलत नाही, बदलते ती फक्त फ्रिक्वेन्सी.

स्लाइस तिरका हवा असेल तर दोन ग्रेडियंट एकदम लागतात. 30 अंश कलवायचा असेल तर वरच्याच 10 मिलिटेस्लाची वाटणी एका अक्षावर 8.66 आणि दुसऱ्यावर 5 अशी होते. रुग्णाची मान न वाकवता हव्या त्या कोनात छेद मिळतो, आणि एमआरआयची ही ताकद मला आजही विलक्षण वाटते. ग्रेडियंट वापरून प्रतिमा काढता येते हे पॉल लाउटरबर यांनी 1973 मध्ये दाखवलं. पीटर मॅन्सफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी ग्रेडियंट चालू असताना ठरावीक फ्रिक्वेन्सीचा पल्स सोडून हवा तो भाग निवडण्याची पद्धत मांडली. दोघांना 2003 चं नोबेल मिळालं.

पल्स संपल्यावर ग्रेडियंट थोडा वेळ उलटा फिरवावा लागतो, नाहीतर स्लाइसच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे सिग्नल एकमेकांना खोडून काढतात. हे मशीन स्वतः सांभाळतं. स्लाइसच्या आतली जागा फेज आणि फ्रिक्वेन्सी एन्कोडिंगने कळते. तो स्वतंत्र धडा आहे.

जाडीबद्दल मात्र नीट विचार करा. पातळ स्लाइस दोन प्रकारे मिळतो: ग्रेडियंट वाढवून किंवा बँडविड्थ कमी करून. ग्रेडियंटला मशीनची मर्यादा असते, आणि बँडविड्थ कमी केली की पल्स लांबतो, सोबत टीई, म्हणजे पल्सपासून सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ, हाही वाढू शकतो. शिवाय 5 चा स्लाइस 2.5 केला की सिग्नल निम्म्यावर येतो. तो अ‍ॅव्हरेजेस वाढवून, म्हणजे तोच सिग्नल पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढून, भरून काढायचा तर स्कॅनचा वेळ चौपट होतो. दुखऱ्या पाठीने आत निजलेल्या माणसाला तेवढा वेळ स्थिर पडून राहता येईल का, हे बघूनच आकडा बदला.

स्लाइसची कड सुरीने कापल्यासारखी सरळ नसते. त्यासाठी अनंत लांबीचा पल्स लागेल. आपला पल्स काही मिलिसेकंदांत संपतो, त्यामुळे कडा उतरत्या होतात आणि शेजारच्या स्लाइसलाही थोडा धक्का बसतो. शेजारच्याची पाळी येते तेव्हा तो सावरलेला नसतो आणि फिका दिसतो. यालाच क्रॉसटॉक म्हणतात. त्यावर दोन स्लाइसमध्ये जाडीच्या 10 ते 20 टक्के गॅप ठेवा, किंवा आधी 1, 3, 5 आणि मग 2, 4, 6 असे स्लाइस घ्या.

कंबरेच्या मणक्यात याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. प्रत्येक डिस्कला समांतर असे वेगवेगळे गट लावले की कंबरेच्या बाकामुळे ते मागच्या बाजूला एकमेकांना छेदतात आणि तिथे काळा पट्टा उमटतो. तो स्पायनल कॅनॉलवर (मज्जारज्जू आणि नसांच्या पोकळीवर) आला तर नेमकी बघायची जागाच झाकली जाते. सॅजिटल (बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदाच्या) चित्रावर रेघा मागेपर्यंत बघत जा. छेद कॅनॉलच्या मागे, स्नायूंत गेला की चालतं. तसं जमत नसेल तर स्लाइस कमी करा किंवा कोन थोडा सोडा.

आता प्रत्यक्ष काम. लेझरची खूण तपासायच्या भागाच्या मध्यावर घ्या, म्हणजे तो भाग आयसोसेंटरला येईल. ग्रेडियंट तिथेच सरळ रेषेत चढतो. टोकाकडे तो ढळतो आणि स्लाइस वाकतो. मग तिन्ही दिशांचा लोकलायझर, म्हणजे प्लॅनिंगसाठीचा झटपट स्कॅन, घ्या आणि तिन्ही चित्रांवर प्लॅन करा. मेंदूसाठी सॅजिटलवर कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या) पुढच्या आणि मागच्या टोकांच्या खालच्या कडांना रेघ जुळवा. नंतर कोरोनलवर (समोरून दिसणाऱ्या छेदावर) डोकं एका खांद्याकडे कललंय का बघून रेघ मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधल्या फटीला काटकोनात आणा. शेवटी अ‍ॅक्सियलवर (आडव्या छेदावर) चौकट फिरवून सरळ करा. दोनच चित्रं बघून स्कॅन सुरू केलं तर उजवा आणि डावा कान वेगवेगळ्या स्लाइसमध्ये येऊ शकतात.

शरीरात धातू असेल तर रेघेवर विसंबू नका. मशीन क्षेत्र सरळ आहे असं धरून गुणाकार करतं; इम्प्लांटजवळ ते मुळातच वेडंवाकडं असतं. वरच्या हिशोबात 426 हर्ट्झची चूक म्हणजे स्लाइस एक मिलिमीटर दुसरीकडे. चरबीचंही तसंच: 1.5 टेस्लात तिची फ्रिक्वेन्सी पाण्यापेक्षा साधारण 220 हर्ट्झने कमी असते, म्हणून तिचा स्लाइस अर्धा मिलिमीटर सरकलेला असतो. ग्रेडियंट आणि बँडविड्थ दोन्ही दुप्पट केलं की जाडी तीच राहते आणि सरकणं निम्मं होतं.

मध्येच रुग्ण हलला तर लोकलायझर पुन्हा घ्या, कितीही घाई असो. आणि फॉलोअप असेल तर आधीचा स्कॅन शेजारी उघडून कोन, जाडी आणि गॅप तेच ठेवा. तीन मिलिमीटरची गाठ पाच मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये पूर्ण आली तर ठळक दिसते, दोन स्लाइसमध्ये विभागली गेली तर पुसट. ती खरंच लहान झाली की आपली रेघ सरकली, हे रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना एरवी कळणार नाही.