महागडे पाने घ्यायचे का? दुकानातच ठरवा
घरी बाईकचं काम करायला स्नॅप-ऑनसारखी महाग हत्यारं लागतात की टपारियाचा साधा सेट पुरतो, हे असं बघायचं.

१. १० च्या (१० मिमी) पान्याचा एक नवा बोल्ट खिशात घेऊन जा.
२. त्यावर रिंग पाना (गोल तोंडाचा, बोल्टला चहूबाजूंनी धरणारा) चढवून हलवा, जास्त खुळखुळला तर तो सेट कितीही स्वस्त असो घेऊच नका, जाम बोल्टवर तोच घसरतो आणि डोकं गोल करून ठेवतो, मग ड्रिल मारत बसा.
३. गोट्या (सॉकेट, म्हणजे बोल्टवर टोपीसारख्या बसणाऱ्या) आतून बारा कोनांच्या नको, सहा कोनांच्या घ्या.
४. पैसे घालायचेच तर रॅचेट (गोटी फिरवायचा एकाच दिशेने पकडणारा दांडा) आणि १०, १२, १४ च्या गोट्यांवर घाला, बाकी साधं चालतं.

एक मात्र लक्षात ठेवा, क्रोमच्या चकचकीत गोट्या इम्पॅक्ट गनला (झटके देत बोल्ट फिरवणाऱ्या मशीनला) लावू नका, फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.