स्लॅश कॉर्ड: खर्जाची ओळ हातात कशी बसवावी

गिटारसाठी गाण्याच्या शब्दांवर लिहिलेल्या कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) 'डी/एफ शार्प' दिसलं, की नवे शिकणारे हमखास 'डी किंवा एफ शार्प' असं वाचतात. ती रेघ, म्हणजे स्लॅश, पर्याय सांगत नाही. रेघेच्या डावीकडे असते ती कॉर्ड. उजवीकडे असतो एकच सूर, आणि तो सगळ्यांत खाली, खर्जात वाजला पाहिजे. ('सी ६/९' मात्र यात धरू नका. तिथे सी कॉर्डमध्ये सहावा आणि नववा सूर मिळवायचा असतो, खर्ज सीच राहतो.)

सरगम येत असेल तर हे पटकन उलगडतं. मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग आणि प. डी हा सा धरला तर एफ शार्प हा ग आणि ए हा प. म्हणजे डी/एफ शार्प ही तीच डी कॉर्ड, फक्त गंधार तळाशी. डी/ए मध्ये पंचम तळाशी. कधी कधी खर्जाचा सूर कॉर्डमधला नसतोच, उदाहरणार्थ ए मायनर/जी किंवा सी/डी. तिथे कॉर्डचा रंगच बदलतो.

हे सुटे आकार म्हणून पाठ करू नका. स्लॅश कॉर्ड बहुतेक वेळा दोन कॉर्डच्या मधली पायरी असते. जी, डी, ई मायनर असं साधं वाजवलं तर खर्ज जीवरून डीवर उडी मारतो आणि मग ईवर येतो. डीच्या जागी डी/एफ शार्प घेतली की सर्वांत जाड सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेला घर), दुसरा फ्रेट, मोकळी तार असा सरळ उतार मिळतो. म्हणून मागची आणि पुढची कॉर्ड धरूनच सराव करा.

पुढचे आकडे जाड सहाव्या तारेपासून बारीक पहिल्या तारेकडे वाचायचे. आकडा म्हणजे कितव्या फ्रेटवर दाबायचं, ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे न वाजणारी.

डी/एफ शार्प: २ × ० २ ३ ×

नेहमीची डी धरा: तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्याला, मधलं बोट पहिल्या तारेवर दुसऱ्याला. आता फक्त मधलं बोट उचलून सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर न्या. बाकी दोन बोटं हलवायची नाहीत. मधल्या बोटाचं टोक किंचित पुढे सरकवा, म्हणजे ते पाचव्या तारेला टेकेल आणि ती गप्प राहील. पहिल्या तारेला अनामिकेची खालची बाजू नुसती लागू द्या. पहिली तार मुद्दाम बंद ठेवायची, कारण नेहमीच्या डीमध्ये तिथेही एफ शार्पच असतो. गंधार वर आणि खाली दोन्हीकडे वाजला की कॉर्ड टोचते.

काही जण पूर्ण डी तशीच ठेवून अंगठा मानेवरून वळवतात आणि सहावी तार दाबतात. स्टीलच्या तारांच्या गिटारची मान नटपाशी (मानेच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) साधारण ४३ मिमी रुंद असते, तिथे हे जमतं. क्लासिकल गिटारची मान जवळपास ५२ मिमी असते, तिथे अंगठ्याचा हट्ट धरू नये.

आता सगळ्यांत उपयोगी ओळ: सी, जी/बी, ए मायनर, ए मायनर/जी, एफ. खर्ज ऐका: सा, नी, ध, प, म.

सी: × ३ २ ० १ ०
जी/बी: × २ ० ० ३ ×
ए मायनर: × ० २ २ १ ०
ए मायनर/जी: ३ × २ २ १ ०
एफ: १ ३ ३ २ १ १

इथे मधलं बोट आधाराचं. सीमध्ये ते चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला असतं. जी/बीसाठी त्याच फ्रेटमध्ये पाचव्या तारेवर सरकवा आणि ए मायनरला परत चौथ्यावर आणा. जी/बीमध्ये अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. ती ठेवली नाही तर मोकळ्या दुसऱ्या तारेचा बी वाजतो आणि पुन्हा तोच दुहेरी गंधार. या कॉर्डमध्ये सहावी तार चुकून वाजली तर खर्ज ई होतो आणि कॉर्ड ई मायनर सेव्हन बनते. म्हणून मधल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला टेकलेलं हवं.

ए मायनर/जीसाठी ए मायनर जशीच्या तशी ठेवून करंगळी सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची. हा ताण खरा आहे. अंगठा मानेच्या मागे खाली घ्या आणि मनगट थोडं पुढे काढा, करंगळी पोचते. अनामिका उचलून सहाव्या तारेवर ठेवण्याची पळवाट घेऊ नका. मग तिसरी तार मोकळी वाजते, ए हा सूरच नाहीसा होतो आणि प्रत्यक्षात सी/जी वाजते. पाचवी तारही बंद हवी: खालचा जी ९८ हर्ट्झ, मोकळा ए ११०, इतक्या खाली एवढ्या जवळचे दोन सूर एकत्र वाजले की नुसती घरघर ऐकू येते.

सराव मेट्रोनोम ६० वर (मिनिटाला ६० ठोके) ठेवून करा. आधी पूर्ण आकार धरा, पण फक्त खर्जाची तार छेडा, प्रत्येक कॉर्डला चार मात्रा. पाच सुरांची ओळ गुणगुणता येईल इतकी स्पष्ट झाली, की पहिल्या मात्रेला खर्ज आणि उरलेल्या तीन मात्रांना चौथ्या तारेपासून खालच्या बारीक तारा. सहाही तारांवरून सरसकट हात फिरवला की खर्ज बुडतो. स्लॅश कॉर्ड 'ऐकूच येत नाही' ही तक्रार बहुधा उजव्या हाताची असते.

सर्वांत सोपी स्लॅश कॉर्ड एका बोटाची आहे. सी/डी: × × ० ० १ ०. जीवर परतण्याआधी डीच्या जागी ती वाजवून पाहा.

सोबत बास गिटार असेल तर खर्ज कोण घेणार हे आधी ठरवा. बासवाला एफ शार्प वाजवत असेल तर तुम्ही चौथ्या तारेपासून साधी डी वाजवली तरी ऐकणाऱ्याला डी/एफ शार्पच ऐकू येते. तो डीवर थांबला असेल, तर तुमचा एफ शार्प खर्ज राहत नाही.