सांगलीत मानसशास्त्रात एम.ए. करताना: पहिल्या सत्रापासून काय हाती घ्यावं

एम.ए. झालं की दवाखाना टाकता येतो, असं धरून दरवर्षी काही जण मानसशास्त्राला प्रवेश घेतात. हा समज पहिल्याच आठवड्यात सोडा. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. ती मिळते परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेत, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रशिक्षण पूर्ण केल्यावर. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली व्याख्याही याच अंगाने जाते. या अभ्यासक्रमांची नावं आणि रचना सध्या बदलत आहे. म्हणून सिनिअरच्या सांगण्यावर न जाता ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीची परिषदेची यादी स्वतः उघडून बघा. आणि दुसरं विशेषीकरण घरबसल्या, पत्रद्वारा अभ्यासक्रमातून करू म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं बंद करायला सांगितलं आहे.

कॉलेजात सर्वात जास्त वाया जाते ती प्रयोगशाळा. जर्नलपुरत्या चाचण्या घ्यायच्या, सही घ्यायची, कपाट बंद. भाटिया बॅटरीचंच बघा, म्हणजे कृती करून घेऊन बुद्धी मोजणाऱ्या चाचणीसंचाचं. पाच उपचाचण्या आहेत, पैकी एकीत कोहच्या ठोकळ्यांनी दहा आकृत्या जुळवायच्या असतात. एकदा घेऊन हात बसत नाही. सूचना पूर्ण व्हायच्या आधीच स्टॉपवॉच सुरू होतं, मुलाने एक ठोकळा नीट लावला की तोंडातून "हां, बरोबर" निघून जातं, आणि तिथेच चाचणी बिघडते. निदान आठ-दहा वेगवेगळ्या मुलांवर घ्या आणि प्रत्येक वेळी मॅन्युअल समोर उघडं ठेवा. दुसरी चूक याहून मोठी. या बॅटरीची मानकं, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून बघायचे ते तक्ते, 1955 सालची, 11 ते 16 वयाच्या मुलग्यांवरची. आज जतच्या शाळेतल्या मुलीला त्याच तक्त्यावरून बुद्ध्यंक देऊन मोकळं होणं हा त्या मुलीवर अन्याय आहे. अहवालात मानकांची मर्यादा लिहायची सवय इथेच लावा. झेरॉक्स काढलेल्या, मॅन्युअल नसलेल्या चाचण्यांना तर हातच लावू नका.

ग्रंथपालांकडून पहिल्या महिन्यातच एन-लिस्टचा, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालय सेवेचा, युजर आयडी मागून घ्या. आपलं कॉलेज सभासद असेल तर नियतकालिकं घरबसल्या वाचता येतात. शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएच.डी.चे प्रबंध सगळ्यांनाच मोफत आहेत. कोल्हापूरला विद्यापीठात बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र, म्हणजे विद्यापीठाचं ग्रंथालय, आहे. जाताना कॉलेजचं ओळखपत्र आणि विभागप्रमुखांचं पत्र सोबत ठेवलेलं बरं.

आता मानसोपचार विभागाच्या ओपीडीत बसण्याचं. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं सिव्हिल हाताशी असताना शेवटच्या सत्रापर्यंत थांबायचं कारण नाही. रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं असेल तर पत्र अधिष्ठात्यांच्या नावे, जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर हवं आणि त्यावर जावक क्रमांक हवा. त्यात विद्यार्थ्यांची संख्या, वार, वेळ, कुठून कुठवर ते तारखांसकट, जबाबदार प्राध्यापकांचं नाव आणि गोपनीयता पाळण्याची हमी लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घेऊन ती जपून ठेवा. परवानगी अडते ती बहुधा दोन कारणांनी: बारा-पंधरा जणांचा घोळका एकदम पाठवला जातो, किंवा पत्रात नुसतं "इंटर्नशिपसाठी" एवढंच असतं, मुलं काय करणार ते नसतं. तिघाचौघांचा गट, आठवड्यातून दोन सकाळी, सहा ते आठ आठवडे असं मागितलं की विभागालाही सोयीचं पडतं.

तिथे बसल्यावर केस हिस्टरी लिहिताना रुग्णाचे शब्द जसेच्या तसे उतरवा. "डोक्यात गरगरतंय", "जीव घाबरा होतोय", "शेतात जावं वाटत नाही" असं सांगणाऱ्याच्या नावापुढे तुम्ही 'डिप्रेशन' लिहिलंत, तर काय सांगितलं होतं ते कायमचं हरवतं. रुग्णाचं म्हणणं वेगळं, नातेवाइकांचं वेगळं, आणि किती दिवसांपासून ते दोघांच्याही पुढे. नाव-गाव वहीत नको, आद्याक्षरंही नकोत. नुसता क्रमांक टाका. आपल्याकडे आडनाव आणि गाव कळलं की माणूस कळतो.

प्रबंधासाठी महाविद्यालयीन मुलांचा ताण हा विषय आता पुरे झाला. ऊसतोड कामगारांची शाळा बदलत राहणारी मुलं, विटा-आटपाडीकडची गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी, परराज्यांत गेलेली माणसं आणि मागे राहिलेलं घर, हे विषय इथे दारात आहेत. शाळेत माहिती गोळा करायची तर मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती, दोन्ही लागतात. कारखान्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. त्याआधी प्रश्नावली तयार नसेल तर टोळ्या परत जातील आणि वर्ष हातचं जाईल.

नोकऱ्यांकडे बघताना एकाच खुर्चीवर डोळा नको. एड्स नियंत्रणाच्या आयसीटीसी (एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन) केंद्रात समुपदेशक, किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक, अत्याचारग्रस्त महिलांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर, कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्रं, मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन, शाळा. आरोग्य खात्यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. जाहिरातीतली पात्रता शब्द न् शब्द वाचा, कारण 'मानसशास्त्र' आणि 'क्लिनिकल मानसशास्त्र' यांतल्या फरकावरच अर्ज बाद होतो. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटचे दोन पेपर, 50 आणि 100 प्रश्न, 300 गुण, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. नेटमधूनच मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला वयाची अट आहे, सेटला नाही.

या सगळ्याची एक नोंदवही ठेवा: तारीख, ठिकाण, तास, काय केलं, कोणाच्या देखरेखीखाली. आणि सही दर महिन्याला घ्या. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात असतीलच असं नाही, निवासी डॉक्टरही शिक्षण संपलं की आपापल्या गावी जातात, आणि दीडशे तासांच्या कामावर सही करायला मग कोणी सापडत नाही.