जीआयएससाठी पायथन: कोड चालला म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही

जीआयएस म्हणजे नकाशे आणि त्यामागच्या माहितीचं संगणकावरचं काम. ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेत करायचं तर मिनिकोंडा (पायथन आणि त्याची पॅकेजेस बसवणारं साधन) टाका, नवं एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसचा वेगळा कप्पा) करा, त्यात कोंडा-फोर्ज या पॅकेजेसच्या भांडारावरून जिओपांडाज (नकाशांचा डेटा हाताळणारी पायथन लायब्ररी) घ्या. इन्स्टॉलेशन संपलं.

आधी चाळीस तासांचा पायथन कोर्स करा, असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. व्हेरिएबल, लिस्ट, डिक्शनरी, लूप, फंक्शन एवढं पुरतं. त्यानंतर तुमचंच एखादं कंटाळवाणं काम घ्या. माझं होतं: ओढ्यापासून ५०० मीटरच्या आत किती विहिरी? ते क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा हाताने करा. प्रोसेसिंगच्या हिस्टरीत राइट क्लिक केलं की तीच पायरी पायथन कमांड म्हणून कॉपी करता येते. बफर (भोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढणं), क्लिप (हद्दीनुसार कापणं), डिझॉल्व्ह (तुकडे एकत्र करणं) मी असेच शिकलो.

फाइल वाचायची एक ओळ, बफरची एक ओळ. खरी गोची सीआरएसमध्ये, म्हणजे आकडे पृथ्वीवर कुठून आणि कोणत्या एककात मोजलेत हे सांगणाऱ्या पद्धतीत आहे.

माझ्याकडे ओढे मीटरमध्ये होते, ईपीएसजी (सीआरएसचा ठरलेला नंबर) ३२६४३. विहिरी जीपीएसवरून आलेल्या, म्हणजे अंशांमध्ये, ईपीएसजी ४३२६. स्पेशियल जॉइन (कोणती विहीर ओढ्याच्या पट्ट्यात पडते याची जुळणी) केला, उत्तर आलं शून्य. वर एक वॉर्निंग होती, ती मी वाचली नाही. मग विहिरींना सेट_सीआरएस लावून ३२६४३ दिलं, तर एरर आली. त्या एररमध्येच ‘अलाऊ_ओव्हरराइड’ असा पर्याय सुचवलेला असतो. मी तो ट्रू केला, एरर गेली आणि मी खूश.

झालं होतं ते असं: ७३.८५ अंश हा आकडा आता ७३.८५ मीटर झाला होता. अख्ख्या तालुक्याच्या विहिरी मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तालगत, हातभर जागेत गोळा झाल्या होत्या. जॉइनचं उत्तर अजून शून्यच, आणि मी दोन दिवस बफरच्या ओळीत चूक शोधत बसलो. त्याच एररच्या शेवटच्या वाक्यात टू_सीआरएस वापरा असंही लिहिलेलं असतं, पण तिथवर वाचतो कोण!

सेट_सीआरएस म्हणजे डब्यावर चिठ्ठी लावणं. साखरेच्या डब्यावर ‘मीठ’ लिहिलं तरी आत साखरच. टू_सीआरएस आतला माल खरोखर बदलतं. फाइलला सीआरएस नसेलच, तरच सेट. असेल आणि दुसरा हवा असेल, तर टू. अलाऊ_ओव्हरराइडला, मूळ चिठ्ठीच चुकीची आहे याची खात्री असल्याशिवाय, हात लावू नका.

प्रत्येक फाइल वाचल्यावर दोन गोष्टी प्रिंट करा: सीआरएस आणि टोटल_बाउंड्स (डेटा कुठून कुठवर पसरलाय त्याचे आकडे). महाराष्ट्राचा डेटा अंशांमध्ये असेल तर एक्स (रेखांश) ७२ ते ८१, वाय (अक्षांश) १५ ते २३. मीटरमध्ये पुण्याचा एक्स पावणेचार लाखांच्या पुढेमागे आणि वाय साधारण साडेवीस लाख. आकडे डोळ्यांनी बघा. अंशांत क्षेत्रफळ काढाल तर दहा चौरस किलोमीटरचं गाव ०.०००८५ येईल, आणि जिओपांडाज फक्त वॉर्निंग देऊन पुढे जाईल.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला यूटीएमचा (या मीटरमधल्या सीआरएसचा) झोन, म्हणजे पट्टा, बदलतो: पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर ३२६४३ मध्ये, तर नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ३२६४४ मध्ये. सगळीकडे ४३ चालवलं तर गडचिरोलीचं क्षेत्रफळ किंचित फुगतं, आणि किंचित असल्यामुळेच कुणाच्या लक्षात येत नाही. क्षेत्रफळ अख्ख्या राज्याचं काढायचं असेल तर समक्षेत्र (क्षेत्रफळ न बिघडवणारं) प्रोजेक्शन घ्या.

एक्सेलमधून बिंदू करताना आधी रेखांश, मग अक्षांश. उलटं केलंत तर पुणं नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात जातं. मी पाठवून आलोय.

एक फाइल नीट चालली की पूर्ण फोल्डरवर लूप लावा. निकाल जिओपॅकेज या फाइल-प्रकारात ठेवा. शेपफाइल हा जुना प्रकार कॉलमची नावं १० अक्षरांवर कापतो, आणि एन्कोडिंग चुकलं तर मराठी गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.