जपानी खेड्यातल्या घरासारखं कोकणातलं घर कसं वापरायचं

गावच्या घराची डागडुजी काढली असेल तर भिंती घालायच्या आधी जपानमधल्या जुन्या शेतकरी घरांचा प्लॅन एकदा बघाच, मिन्का म्हणतात त्यांना. आत शिरलं की आधी दोमा, म्हणजे चोपलेली मातीची जमीन, स्वयंपाकाची चूल नि शेतीची कामं तिथेच. मग पायरीभर उंच लाकडी जमीन, चपला खालीच काढायच्या. या उंच जमिनीवर बऱ्याच ठिकाणी चार खोल्या, दोन पुढे दोन मागे, आणि मधे भिंत नाहीच, नुसती सरकती दारं, फुसुमा, कार्य असलं की ती काढून ठेवायची की अख्खा हॉल!

हेच आपण करायचं. ओटी नि माजघराच्या मधे वीट नको, वरखाली खाचा पाडून लाकडी सरकती दारं बसवा, गणपतीत उचलून बाजूला ठेवता येतात. त्यांचा एन्गावा म्हणजे कडेचा लाकडी व्हरांडा, आपली पडवी आहेच की, ती ग्रिल लावून बंद करू नका प्लीज, वारा तिथूनच येतो. तातामी, म्हणजे त्यांच्या जमिनीवरच्या गवती गाद्या, मात्र नकोच, आपल्या पावसाळ्यात बुरशी धरेल, साधी चटई घ्या, सकाळी गुंडाळून ठेवा.