सीटी रिपोर्टमध्ये ‘मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिस’ आलंय? या चुका टाळा

मुतखड्याच्या शंकेने किंवा अशाच दुसऱ्या कारणाने पोटाचा सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ सापडते: मेसेंटरीतली चरबी धूसर, मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिसची शक्यता. या एका ओळीमुळे कुणी विनाकारण महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतं, तर कुणाचा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) उशिरा सापडतो. दोन्ही टाळता येतं.

मेसेंटरी म्हणजे लहान आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडणारी, पंख्यासारखी पसरलेली दुपदरी घडी. तिच्यात चरबी, रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथी असतात. या चरबीला दाह झाला की पॅनिक्युलायटिस. काही मोजक्या जणांत पुढे तिथे घट्ट तंतू साचतात आणि आतडं व रक्तवाहिन्या आवळल्या जातात. इटलीत जुरा यांनी 1924 मध्ये याचं वर्णन केलं, त्यानंतर याला बरीच नावं पडली. 1997 मध्ये 84 पेशंटच्या ऊती तपासून हे सगळे एकाच आजाराचे प्रकार असल्याचं मांडलं गेलं. तेव्हा एका रिपोर्टमध्ये ‘पॅनिक्युलायटिस’ आणि दुसऱ्यात ‘स्क्लेरोझिंग मेसेंटेरायटिस’ लिहिलंय, एवढ्यावरून आजार वाढला असं धरू नका.

धूसर चरबी दिसली की निदान झालं, असं समजणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हृदय कमजोर असेल, लिव्हर सिरोसिस असेल, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घटलं असेल तरी मेसेंटरीत पाणी साचून ती धूसर दिसते. स्वादुपिंडाची सूज, मेसेंटरीच्या शिरेतली गुठळी, पोटातला टीबी, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांनीही तेच चित्र येतं. पाणी साचल्यामुळे असेल तर बहुतेकदा त्वचेखालची चरबीही सुजलेली असते आणि पोटात पाणी दिसतं.

खऱ्या पॅनिक्युलायटिसचं चित्र वेगळं असतं. स्कॅनच्या प्रतिमा एकेक करून खाली सरकवत गेलं, की मेसेंटरीच्या मुळाशी, बहुधा मध्यरेषेच्या डावीकडे, चरबीचाच एक गोळा दिसतो. तो शेजारच्या काळ्या चरबीपेक्षा करडा असतो आणि आतड्याची वेटोळी बाजूला ढकलतो. त्याच्या आत बारीक गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, असतात. रक्तवाहिन्या आणि गाठींभोवती निरोगी चरबीचं काळं कडं शाबूत राहिलेलं असतं आणि गोळ्याच्या कडेने पातळ आवरणाची रेघ असते. या पाच खुणांपैकी किमान तीन असाव्यात, असा निकष वापरला जातो. रिपोर्टमध्ये यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर रेडिओलॉजिस्टला ‘यातल्या कोणत्या खुणा दिसल्या?’ असं सरळ विचारावं. हा प्रश्न पेशंटनेही विचारायला हरकत नाही.

कॅन्सरबद्दल एका टोकाला जाणं

2000 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 7620 सीटी स्कॅनमधून 49 जणांत पॅनिक्युलायटिस सापडला आणि त्यांतल्या 34 जणांना कुठला ना कुठला कॅन्सर होता. आकडा धडकी भरवणारा आहे. पण स्कॅन मुळात कॅन्सरच्या पेशंटचेच जास्त होतात. वय आणि लिंग जुळवून तुलना करणाऱ्या नंतरच्या काही अभ्यासांत हा संबंध दिसला नाही. त्यामुळे खुणा स्पष्ट असतील आणि पेशंटला काही त्रास नसेल, तर नुसत्या या ओळीसाठी कॅन्सरच्या तपासण्यांची रांग लावू नये.

उलट टोकही तितकंच घातक. गाठीची आखूड बाजू 10 मिलिमीटरपेक्षा मोठी असेल, पोटात इतरत्रही ग्रंथी वाढल्या असतील, वजन घटत असेल, रात्री घाम फुटत असेल तर लिम्फोमाचा विचार व्हायलाच हवा. तिथे पेट (PET) स्कॅन आणि गरजेप्रमाणे बायोप्सी लागते. काळ्या कड्यावर विसंबू नका, ते लिम्फोमातही दिसू शकतं. कॅल्शियम साचलेला, काटेरी कडांचा गोळा आणि जोडीला जुलाब, चेहरा लाल होणं असेल, तर न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ) शोधावा.

बायोप्सीआधीच स्टेरॉइड सुरू करणं

लिम्फोमाही स्टेरॉइडने तात्पुरता आक्रसतो. पेशंटला बरं वाटतं, आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात निदान सापडत नाही. शंका असेल तर आधी तुकडा, मग गोळी. सुईने आलेला तुकडा अपुरा पडला, तर दुर्बिणीतून मोठा तुकडा घ्यावा लागतो. टीबी आणि हिपॅटायटिस बी आहे का, तेही स्टेरॉइडआधीच पाहावं, कारण दोन्ही या औषधाने उफाळतात.

त्रास नसताना औषध देणं

लक्षणं नसतील तर औषध लागत नाही. सतत पोटदुखी, वजन घटणं, आतडं अडणं असं असेल तर साधारणपणे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 40 मिलिग्रॅम आणि टॅमॉक्सिफेन 10 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, आणि स्टेरॉइड काही महिन्यांत हळूहळू उतरवतात. 2007 च्या मेयो क्लिनिकच्या 92 पेशंटच्या अभ्यासात हे मिश्रण घेतलेल्या 20 पैकी 12 जणांना फायदा झाला. टॅमॉक्सिफेनने पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊ शकते, त्यामुळे आधी गुठळी झालेल्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. स्टेरॉइड मनाने अचानक बंद करणं तर धोक्याचंच.

फायदा झाला की नाही हे भूक, वजन आणि दुखणं यांवरून ठरवा. पेशंट सुधारला तरी गोळा स्कॅनवर तसाच दिसू शकतो, आणि केवळ म्हणून डोस वाढवण्यात अर्थ नाही.

ऑपरेशनने हा गोळा काढून टाकणं बहुधा शक्य नसतं, कारण त्यातूनच आतड्याच्या मुख्य रक्तवाहिन्या जातात. आतडं अडलं तर बायपासचा, म्हणजे अडलेला भाग वगळून आतडं जोडण्याचा, विचार होतो, तेवढंच.

तीन-चार महिने औषध नीट घेऊनही काडीचा फरक नसेल, तर दुसरं औषध जोडण्याआधी निदान पुन्हा तपासा: जुने स्कॅन शेजारी ठेवून पाहा, बायोप्सीची काच दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, आणि बायोप्सी झालीच नसेल तर ती आता करा. मधल्या काळात पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, शौच आणि वायू दोन्ही थांबले किंवा अचानक असह्य कळा आल्या, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा.